विद्युतानंदांचा गुरुवारचा चमत्कार

कापूस खरेदी केंद्राच्या फाटकापासून थेट लोहाऱ्याच्या रस्त्यापर्यंत गाड्या खोळंबल्या होत्या, पण कुरकुर कुणाचीच नव्हती. जो तो टाचा उंचावून खिडकीतून आत डोकावत होता. आत विद्युतानंद महाराज सर्व्हरमधून गायब झालेली खरेदीच्या नोंदींची फाइल परत आणणार होते!

कापसाचे भाव कोसळलेली ती वर्षं. माणसं कशालाही हात जोडायला तयार होती. दसऱ्याला व्यवस्थापक नंदकिशोर साहेबांनी सर्व्हरची पूजा केली, महाराजांच्या सांगण्यावरून ती दर गुरुवारी सुरू झाली, आणि तेव्हापासून दर गुरुवारी सर्व्हर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून हटून बसू लागला. मग महाराज यायचे, मंत्र म्हणायचे, “विझवा हे कृत्रिम तेज!” अशी गर्जना करायचे. चेला बाबुलाल पूजेसाठी लावलेलं विजेच्या दिव्यांचं तोरण काढायचा, सर्व्हर बंद-चालू करायचा, की फाइल हजर!

“हा कोप आहे,” महाराजांनी निदान केलं होतं. “इथली एक बाई यंत्राला हात जोडत नाही.”

ती बाई म्हणजे संगणक सांभाळणारी मैत्रेयी. घर बौद्ध, पूजापाठाशी संबंध नाही. पूजेच्या वेळी तिला खोलीबाहेर बसवत. आज तर साहेबांनी चारचौघांत सांगून टाकलं, “उद्यापासून येऊ नका.”

रागाने तिचे कान तापले. तिने आपल्या पडद्यावरचा संदेश शेवटपर्यंत वाचला. फाइल जिच्यावर होती ती अख्खी डिस्कच सर्व्हरला दिसत नव्हती. घरच दिसेना, तर घरातला माणूस कुठून सापडणार? ती उठून सरळ आत गेली.

“ओ मॅडम, बाहेर थांबा! कोप होईन!” बाबुलाल ओरडला.

“होऊ दे.” ती वाकली. सर्व्हरशेजारच्या डिस्कच्या पेटीची विजेची पिन जमिनीवर लोळत होती. बोर्डावर तिच्या जागी तोरणाची पिन ऐटीत बसली होती.

“महाराज, आणा फाइल,” ती म्हणाली. “फक्त बाबुलालनं बोर्डाले हात लावाचा नाही.”

“ॐ ह्रीं करंट फट्!” महाराजांनी घसा कोरडा केला. पडदा ढिम्म. “आधी ते तोरण विझवा!”

“जळू द्या न. देवाले उजेडाचं काय वावडं?”

महाराजांना घाम फुटला. खिडकीतून सगळं पाहणारी शेतकरीण रुखमाबाई खाली पडलेल्या पिनेकडे बोट दाखवत खिदळली, “अवो महाराज, पिन लावा न आता!”

मैत्रेयीने तोरण काढलं, डिस्कची पिन लावली, सर्व्हर पुन्हा चालू केला. मंत्राविना फाइल हजर झाली.

“मले महाराजायनंच पिन काढाले सांगतलं होतं,” बाबुलाल रडकुंडीला आला. गाडीवाल्यांनी महाराजांना फाटकाचा रस्ता दाखवला.

साहेब हळूच म्हणाले, “मैत्रेयी, हे मला एकट्याला सांगायचं. लोकांसमोर कशाला?”

“माह्यामुळं कोप झाला, हे तुमी मले एकटीलेच सांगतलं होतं का, साहेब?”

साहेबांची मान खाली गेली. “उद्या या कामावर,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मैत्रेयी खिडकीकडे वळली. “यंत्र रुसत नाही, बाबाहो. काय सापडत नाही अन् कुठं सापडत नाही, थे सोताच सांगते. तेवढं वाचत जा. अन् माणसावर बोट ठेवाच्या आधी वाकून वायर पाहत जा.”