चिकाचे हात

सासऱ्यांचा खांबासारखा निवडुंग गॅलरीच्या छताला टेकला, त्याच आठवड्यात आमची चिमणी रांगायला लागली. नवरा म्हणाला, "रविवारी तो टाकून देतो. बाबांनी जीव लावला तो झाडालाच. लहानपणी मी जवळ गेलो की दार लावून घ्यायचे." सासूबाईंचा घास ताटातच राहिला. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मी मधला मार्ग काढला: बुंधा टाकून द्यायचा, शेंडा ठेवायचा.

शनिवारी दुपारी चिमणीला आत खाली गादीवर झोपवलं आणि आम्ही दोघींनी गॅलरीत जाऊन दार लावलं. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मे. सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी गुंडाळून शेंडा धरला, मी सुरी चालवली. दुधासारखा चीक भळभळला. डोळ्यात गेला तर नजर जाईल, तोंडाला हात लावू नकोस, हे त्या दहादा बजावत होत्या. नाक खाजलं तर काय करू, विचारलं, तर म्हणाल्या, भिंतीला घास.

तेवढ्यात चिमणीने टाहो फोडला. मी मोजे फेकून दाराकडे धावले. सासूबाई आडव्या आल्या.

"बाही बघ."

कोपराजवळ पांढरा ओघळ होता. तिथेच मी तिचं डोकं टेकवते.

गॅलरीतल्या नळाखाली साबण, पाणी, पुन्हा साबण. वरचा अंगरखा बादलीत. पलीकडे ती रांगत दारापर्यंत आली होती. इवल्या हातांचे थपके ऐकू येत होते.

"हेही असेच धूत बसायचे," सासूबाई माझ्या हातावर पाणी घालत म्हणाल्या. "तुझा नवरा तेव्हा लहान, दार बडवायचा. हे आतून म्हणायचे, आलो रे राजा, आलो. पण ह्यांचा आवाज मुळातच बारीक. रडण्यात त्याला कधी ऐकूच गेलं नाही."

संध्याकाळी मी ते नवऱ्याला सांगितलं. तो उठून सावलीत वाळत ठेवलेल्या शेंड्याजवळ गेला.

पंधरा दिवसांनी काप सुकला. गॅलरीत फळी त्यानेच ठोकली, चिमणीचा हात वर्षानुवर्षं पोचणार नाही इतकी उंच. शेंडाही त्यानेच कोरड्या वाळूत लावला. दार बंद होतं, नळ वाहत होता, अलीकडे चिमणी दार बडवत होती.

आतून त्याचा आवाज आला, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा.

"आलो गं राणी, आलो. हात धुतोय."