सकाळचा जाळ

पाथर्डीत डोंगराच्या पायथ्याला आमची कॉलनी आहे. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर मी आणि इंदूनं इथं घर बांधलं. शेजारी जालिंदर राहायचा. खडी क्रशरवर बावीस वर्षं काम करून तो घरी बसला होता. बायको आधीच गेलेली. तो आणि मुलगी दीपा, दोघंच. दीपा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जालिंदर वयानं माझ्याएवढाच, पण मी कचेरीत होतो म्हणून तो मला ‘भाऊसाहेब’ म्हणायचा आणि मी त्याला नुसतं जालिंदर. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पावसाळ्यात तो ठणठणीत असायचा. सकाळी आमच्या ओट्यावर येऊन चहा घ्यायचा, पेपर वाचायचा. उन्हाळ्यात धूळ लई उडायची, पण वारा ती लांब घेऊन जायचा. खरी पंचाईत थंडीत. दिवाळीनंतर वारा पडतो. बंबांचा, हॉटेलांच्या भट्ट्यांचा, शेतातल्या काडीकचऱ्याचा धूर आणि क्रशरची भुकटी, सगळं गावावर बसून राहतं. नऊ वाजेपर्यंत समोरचा डोंगर दिसत नाही. ते तीन महिने जालिंदर दारं-खिडक्या लावून आत बसायचा. छातीत खडीची धूळ साचलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आमच्या अंगणात बदामाचं झाड आहे. थंडीत त्याची पानं ढिगानं गळतात. कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा आली तर आली. म्हणून मी रोज सहाला पाला झाडून दोन घरांमधल्या भिंतीच्या कडेला पेटवायचो. त्यातच दुधाच्या पिशव्या, जुने खोके. तेवढेच हात शेकले जायचे.

डिसेंबरात एका संध्याकाळी दीपा आली. उभ्यानंच बोलली.

“काका, सकाळचा जाळ काही दिवस बंद ठेवाल का? पप्पांना धाप लागते.”

“अगं, सगळं गाव पेटवतंय. माझाच धूर दिसला होय तुला?”

“गावाला मी काय सांगणार? तुम्ही शेजारी आहात, म्हणून आले.”

मी मोबाईल काढून तिला दाखवला. हवा ‘मध्यम’ आहे, असं त्यात लिहून आलं होतं.

“तो आकडा दुसऱ्या शहरातल्या यंत्राचा आहे, काका. आपल्याकडं यंत्रच नाही.”

ती गेल्यावर इंदू म्हणाली, “पोतं भरून ठेवू या पाला. गाडी येईल तेव्हा देऊ.” मी तिला गप्प केलं. बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज मी घेतले होते. कालची पोर मला हवेचं शिकवते, हे मला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी जाळ पेटवला. सहाऐवजी साडेसहाला, एवढाच काय तो फरक.

जानेवारीत एकदा दव फार पडलं. पाला ओला होता. पेटेना, नुसताच धुमसत राहिला. धूर वर जाईचना, भिंतीवरून सरळ पलीकडे उतरत होता. जालिंदर ओला टॉवेल तोंडाला लावून भिंतीपाशी आला.

“भाऊसाहेब, आज लई बसलंय हो.”

“विझतच आलाय,” मी म्हणालो.

पाण्याची बादली माझ्या पायाशी होती. तो थोडा वेळ थांबला, मग भिंतीला धरत धरत आत गेला. मी ढीग काठीनं उकरत राहिलो.

त्याच दुपारी दीपानं त्याला जीपमध्ये घालून नगरला नेलं. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. तिथून तिनं त्याला इकडे परत आणलंच नाही. राळेगणसिद्धीला तिची आत्या असते, झुंबरबाई. तिच्याकडे त्याला ठेवलं आणि स्वतः रजा टाकली. घराला कुलूप लागलं. त्या दिवसापासून मी काडी लावली नाही. पण आता त्याचा कुणाला उपयोग होता?

फेब्रुवारीत मी एसटीनं राळेगणला गेलो. जालिंदर खाटेवर उशांना टेकून बसला होता, नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. झुंबरबाईंनी चहा दिला आणि त्या बाहेर गेल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी म्हणालो, “जालिंदर, त्या दिवशी मी तो जाळ विझवायला पाहिजे होता.”

तो म्हणेल, जाऊ द्या हो, तुमचा काय दोष, असं मी मनाशी धरून होतो.

“व्हय,” तो म्हणाला. “पायजे हुता.” दम खाऊन पुढं म्हणाला, “छाती क्रशरनं खाल्ली, ते मला म्हाईत हाय. पन तिथं मला कुनी वळखत नव्हतं. तुमी वळखत हुता.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. चहा तसाच राहिला. निघताना त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

मार्चच्या शेवटी दीपाचा फोन आला.

“काका, पप्पा गेले. सोमवारी.”

तो दिवस गुरुवार होता. “अगं, कळवायचं तरी.”

“हो,” ती म्हणाली. “काकूंना सांगा.”

मी इंदूला सांगितलं. पदरानं डोळे पुसून ती आत गेली.