त्या दिवशी मला कुणी उचललं नाही

मी भोंगा बोलतोय. पितळी पत्र्याचा, हातात धरून बोलायचा. आजवर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. आज मी माझं बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही. ज्यांना गोडच ऐकायचं असेल त्यांनी खुशाल कानांत बोटं घालावीत.

माझा जन्म उज्जैनचा. संस्थानच्या दरबारी अमलात भय्यासाहेबांनी मला एका तांबटाकडून घडवून घेतलं. घाटावरच्या जत्रेचा बंदोबस्त त्यांच्याकडे असायचा. राम घाटावर पर्वणीची गर्दी उसळली की ते मला तोंडाला लावत. "पानी गहरा है, माताजी, पीछे हटो!" म्हटलं की म्हातारी लगेच मागे सरायची. माणसं इतकी काही वाईट नसतात हो. वेळेवर सांगितलं तर ऐकतात.

मग स्वातंत्र्य आलं. दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, भय्यासाहेब पेन्शनीत निघाले आणि मी पोलिसांच्या ताब्यात गेलो. ठाण्यात मला खुंटीला अडकवलं. कायदा असा, की जमावावर हत्यार चालवण्याआधी त्याला पांगायला सांगायचं. त्यासाठी मी. पण थानेदाराला माझी लाज वाटायची. "ये तो मेले का बाजा है," म्हणायचा. वापरायचं नाही, पण तपासणीला साहेब येणार म्हणून बाहेरून मात्र घासून लखलखीत ठेवायचं. आत कुणी डोकावलं नाही. माझ्या गळ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं, त्यावर दुसरं बांधलं, गळा पार बुजवून टाकला. साहेब यायचे, माझ्या पितळेत बघून मिशी नीट करायचे आणि शेरा चांगला देऊन जायचे.

पुढं राज्यांच्या पुनर्रचनेचं सुरू झालं. मध्यभारत मोडणार, कचेऱ्या भोपाळला जाणार अशी बोलवा उठली. लोक चिडले, गावातल्या फ्रीगंजात मोर्चा निघाला. त्यात माधव नगरचा श्रीनाथ होता. कॉलेजात शिकणारा, विधवा आईचा एकुलता एक. आई विनोदिनीबाई, शाळेत शिकवायच्या.

मोर्चातून दगड आले. हे मी लपवणार नाही. हवालदार वसंतरावांचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. पोलिसांनी मुकाट्यानं मार खावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण मी तिथंच होतो, जीपच्या सीटवर, थानेदाराच्या हाताशी. त्यानं मला उचललं नाही. लाठीमारही करून पाहिला नाही. सरळ "फायर!" म्हणून ओरडला. श्रीनाथ मोर्चाच्या अगदी शेवटी उभा होता. पुढं काय चाललंय ते त्याला दिसतही नव्हतं. गोळी त्याच्या छातीत लागली.

मग काय, गावाला विषय मिळाला. "दगड मारणाऱ्यांना पोलिसांनी हार घालायचे का?" एक म्हणे. "अहो, पण पायावर मारायची ना!" दुसरा म्हणे. चहा गार होईपर्यंत भांडायचे आणि घरी जाऊन जेवायचे. त्यातच कुणीतरी म्हणालं, "चेतावणी देऊनही जो हटला नाही, तो पोरगा गुंडच असणार." ते वाक्य विनोदिनीबाईंच्या कानावर गेलं. मुलगा तर गेलाच होता, आता त्याचं नावही जाणार होतं. त्याला हटायला सांगितलं होतं का, एवढंच त्यांना लोकांसमोर यायला हवं होतं.

चौकशी बसली. मला टेबलावर मांडलं. थानेदार शपथेवर म्हणाला, "बार-बार चेतावनी दी, हुजूर. इसी भोंगे से."

विनोदिनीबाई उठल्या. "जैसे उस दिन बोले थे, वैसे ही अभी बोलकर दिखाइए."

त्यानं मला ऐटीत तोंडाला लावलं. माझ्यातून नुसतं भुस्स झालं आणि वाळली माती त्याच्या ओठांवर आली. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. चौकशीच्या साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ये घर तो बाद में बना होगा." माती कधीची वाळलेली, पिल्लं केव्हाच उडून गेलेली! पण माशीची साक्ष कोण काढणार? निकाल लागला: इशारा दिला होता, गोळीबार योग्य होता. माझ्या नावावर ते खोटं बोलले. माझ्या! आजही आठवलं की माझं अंग तापतं.

नंतर मला साफ करून राम घाटाच्या चौकीत पाठवलं. वसंतरावांचीही बदली तिथंच झाली. चौकीच्या पाटीवर आता मध्य प्रदेश लिहिलेलं. एका सकाळी विनोदिनीबाई आल्या.

"वसंतराव, ह्यातून एकदा बोलता का? त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं ते."

"बाई, कशाला जिवाला तकलीफ करून घेता? फैसला तर होऊन गेला."

"फैसला त्यांचा झाला. श्रीनाथ जितका दूर उभा होता, तिथवर आवाज गेला असता का, ते मला पाहायचंय."

त्या घाटावरून चालत लांब गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. वसंतरावांनी मला उचललं. 

"सब लोग हट जाओ! नहीं तो गोली चलेगी!"

आवाज क्षिप्रा नदीच्या पलीकडे गेला. आंघोळ करणारे लोक ओलेत्यानंच पायऱ्या चढून पळाले. एक पुजारी ताट टाकून धावला. घाट रिकामा झाला. बाई हळूहळू परत आल्या.

"अक्षर न् अक्षर ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "लगेच घरी आला असता हो तो." आणि पायरीवर बसून मोठ्यानं रडल्या. वसंतराव कपाळावरची खूण चोळत शेजारी उभे राहिले. 

तर लोकहो, गोळी योग्य की अयोग्य यावर तुम्ही खुशाल भांडा. पण सांगायला माणूस होता, वेळ होता, मी होतो, माझा गळा साफ ठेवणंही थानेदाराच्याच हातात होतं, आणि तरी ज्यानं सांगितलं नाही, त्याला मी खुनीच म्हणणार. माझा गळा आता मोकळा आहे. ज्याला मला गप्प करायचं असेल, त्यानं आधी विनोदिनीबाईंसमोर उभं राहावं.