उजवा गाल, पण कोणाचा?

बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारणारी ताई सगळ्या गावाला आवाजाने माहीत होती, तोंडाने कोणालाच नाही. वृत्तवाहिनीने तिला बातम्या वाचायला बोलावलं, तेव्हा पहिल्यांदाच तोंडाचा प्रश्न आला. चाचणीत वाचन झकास झालं. चेहरा मात्र पडद्यावर राखेत लोळून आल्यासारखा दिसला. तिथल्या मेकअपच्या पेटीत बाटल्या सोळा. त्यांतल्या पंधरा गोऱ्यांच्या, सोळावी रिकामी. आणि ताईचा रंग चांगला पक्का, काळाभोर.

"शुक्रवारी अकराला परत या," वृत्तविभागाच्या बाई म्हणाल्या. "येताना तुमच्या रंगाचं काहीतरी घेऊन या. पुन्हा असंच झालं तर मला दुसरी कोणीतरी बघावी लागेल."

तुमच्या रंगाचं! तीस वर्षं रंग अंगावर वागवला, पण त्याला नंबर असतो हे ताईला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानात काउंटरवरच्या पोरीने पहिलाच प्रश्न टाकला, "अंडरटोन काय तुमचा?"

"म्हणजे?"

"रंगाच्या खालचा रंग. लालसर, पिवळसर की मधला?"

"अगं, वरचाच कसाबसा निभावतेय. खाली आणखी एक आहे?"

पोरीने मनगटाची शीर बघायला सांगितली. निळी दिसली तर लालसर, हिरवी दिसली तर पिवळसर. ताईने मनगट उताणं केलं, तिरपं केलं, डोळ्यांपाशी नेलं. शीर काही दर्शन देईना. शेवटी पोरीने सात आणि नऊ अशा दोन नंबरांच्या छोट्या बाटल्या दिल्या.

"एकेका गालावर एकेक लावा आणि जिथे दिसायचंय तिथल्याच दिव्याखाली बघा. आमच्या दिव्यांवर जाऊ नका, इथे सगळ्याच सुंदर दिसतात."

शुक्रवारी सकाळी ताईने घरात शिरेचा विषय काढला, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. मावशी पडली नर्स. सव्वीस वर्षं लोकांना सुया टोचलेली. तिने डोळे मिटून ताईच्या हातावर बोट फिरवलं.

"ही बघ. मस्त फुगीर आहे."

"रंग कोणता?"

"रंग कशाला हवा? शीर बोटाने शोधायची असते. सुई झटकन जाईल बघ."

"मावशी, सलाईन नाही लावायचं. फाउंडेशन लावायचंय!"

आईने बाटल्या उजेडात धरल्या. "सात लाव. जरा उजळ दिसशील. ही नऊ तर तुझ्याहून काळी आहे."

"बाटलीत काय, काहीही दिसतं," मावशी म्हणाली. "खोकल्याचं औषध लाल असतं, म्हणून पिणारा लाल होतो?"

"तू गप्प बस गं."

"तूच गप्प बस. पोरगी तुझी असली तरी शीर मी शोधलीय."

दोघींच्या कात्रीत सापडलेल्या ताईने एका गालावर सात लावली, दुसऱ्यावर नऊ. मावशीने सवयीने दोन्ही बाटल्यांना झाकणं घट्ट लावून त्या पिशवीत टाकल्या. ताई रुमालाने तोंड झाकून निघाली. वाटेत घोकत होती, 'सात उजव्या गालाला.' चौकापर्यंत आल्यावर शंका आली: उजव्या म्हणजे आरशातल्या, की आपल्या?

स्टुडिओत दिवे लागले. कॅमेरावाला पडद्याकडे बघून म्हणाला, "वा! उजवा गाल फर्स्टक्लास. डाव्यावर तीच राख."

"माझा उजवा की तुमचा?"

"पडद्यावरचा."

"म्हणजे माझा डावा."

"नाही, आज पडदा आरशासारखा उलटा लावलाय." तो थांबला. "लावलाय ना? की काल काढला?"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "पाच मिनिटं देते."

"बोट लावा गालाला, बोट!" कॅमेरावाला ओरडला.

ताईने लावलं.

"हा नव्हे. चांगला तो दुसरा."

एवढं तरी कळलं. आता पिशवीतून चांगल्या गालाची बाटली काढायची, की झालं. पण नंबर होते फक्त झाकणांवर, आणि झाकणं लावली होती मावशीने. इंजेक्शनच्या बाटल्या तिने आयुष्यात कधी चुकवल्या नसतील. पण आज ती आईशी भांडत होती.

ताई बाथरूममध्ये शिरली. राखेचा गाल धुतला. तिथल्या उघड्या कातडीवर दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब लावून पसरवला. पहिला भिंतीवरच्या पोपड्यासारखा वेगळा राहिला. दुसरा पसरला, मुरला आणि सापडेनासा झाला. तिने दिव्याखाली हनुवटी वर करून शोधला, खाली करून शोधला, नाहीच. हीच ती! झाकण बघितलं तर सात. आता ही खरोखरची सात, की सातचं झाकण घातलेली नऊ, हे देव जाणे. तिने सगळ्या तोंडाला तीच लावली.

बाहेर येताच बाईंच्या कपाळाला आठी पडली. "मेकअप धुऊन आलात?"

"नाही, लावून आले."

"कुठे?"

"सगळीकडे."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत तिच्याकडे. हे चांगलं की वाईट, ताईला कळेना.

"वाचा," बाई म्हणाल्या.

तिने चार बातम्या वाचल्या. कशाच्या, ते विचाराल तर तिला आजही सांगता यायचं नाही.

"सोमवारी सकाळी सहाला या."

ताईचा चेहरा पडला. "परत चाचणी? आता कोणता नंबर आणू?"

"चाचणी कसली? सकाळच्या बातम्या आहेत. आणि नंबर आजचाच आणा, दुसरा नको."

ताई "हो" म्हणाली. नको असलेली बाटली तिने तिथेच पेटीत सोळावीच्या जागी ठेवली आणि दुसरी मुठीत घट्ट धरून जिना उतरली. अर्ध्यात थांबली. नेमकी कोणती ठेवली आपण? झाकण उघडलं, एक थेंब हनुवटीला लावला, खिडकीच्या काचेत वाकून बघितलं.

काहीच दिसलं नाही. तेव्हा कुठे ती घरी निघाली.