तीस सेकंद

“ताई, या पाच काचा तुम्ही करायच्या नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेणाचे पाच लहान ठोकळे त्यांनी प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये वेगळे ठेवले होते. “घरच्यांचं काम आपण आपल्या हातांनी करत नाही. वॉर्डात जा, त्यांच्यापाशी बसा.”

ताईंनी हातमोजे चढवले. वॉर्डात नणंद बसली होती, आणि ताईंचा नवरा शस्त्रक्रियेनंतर दिवसभर झोपूनच असायचा. त्याच्या उशाशी बसून ताईंना करण्यासारखं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “काचा वाचायच्या तुम्हालाच आहेत, मॅडम. रंगवू मला द्या.”

तिचा नवरा बस कंडक्टर होता. “पुढे सरका, पुढेही हीच बस आहे,” हे त्याचं वाक्य त्या मार्गावरच्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. वर्षाच्या सुरुवातीला जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला, तो बरा होईना. तपासणीचा निकाल याच प्रयोगशाळेतून गेला होता आणि तो वाईट होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कागदांवर सह्या करताना तो तिला म्हणाला, “माझी अर्धी जीभ जाणार. तुझी तर लग्नापासून बंदच आहे. आता घरात बोलायचं कोणी, बाईसाहेब?”

सर्जननी गाठ काढली होती. तिच्या चारी बाजूंचे आणि तळाचे तुकडे त्या पाच ठोकळ्यांत होते. या कडांमध्ये रोग नसेल, तर सगळं निघालं. एका जरी कडेत सापडला, तर पुन्हा टेबलावर, आणि मग उरलेली जीभही जाणार होती.

तिने ठोकळे कापले. केसाहून पातळ पापुद्रे पाण्यावर तरंगले, ते एकेक करून काचेवर घेतले. मग रंग. निळ्यात पाच मिनिटं, धुणं, आणि शेवटी गुलाबीत एक मिनिट.

वेळ मोजायची तिची पद्धत सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होती. सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, तिथलं गजराचं घड्याळ बंद पडलं. आकडे मोजायला जावं, तर कुणी काही विचारलं की चुकायचे. लहानपणी आईने झोपताना म्हणायला शिकवलेली प्रार्थना मात्र चुकत नसे. एक प्रार्थना म्हणजे वीस सेकंद. निळ्यात पंधरा, गुलाबीत तीन. पुढे चांगली तीन घड्याळं आली, पण सवय गेली नाही. घरी अंडंही ती अठरा प्रार्थनांत उकडायची, आणि तिचं पुटपुटणं कानावर आलं की नवरा म्हणायचा, “देवाला अंडी उकडायला लावणारी ही पहिलीच.” देव आहे की नाही याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. वीस सेकंद मात्र नक्की होते.

काचा गुलाबी रंगात बुडवून तिने सुरुवात केली. तू पाहतोस तेवढं मला दिसत नाही.

ती थांबली. हे वाक्य आपण कुणाला तरी उद्देशून बोलतो आहोत, हे इतक्या वर्षांत तिला कधी जाणवलं नव्हतं. खालच्या काचेवर तिच्या माणसाच्या जिभेचा पापुद्रा होता आणि तिला खरंच काही दिसत नव्हतं. तिने पुढचं म्हटलं. जेवढं दिसतं, तेवढ्यात नीट चालव. माझ्या माणसांवर नजर ठेव. भीती वाटली तर हात दे, आणि हात दिलास की सोडायची घाई करू नकोस.

तिने तीनदा म्हटलं. काचा बाहेर काढल्या, सुकवल्या, डॉक्टरीणबाईंसमोर ठेवल्या आणि दाराशी उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पहिली काच पाहिली, दुसरी पाहिली, आणि मान वर केली. “ताई, गुलाबी फार गडद झालंय. कड नीट वाचता येत नाही. मी अंदाजाने काही सांगणार नाही.” मग त्या हलकेच म्हणाल्या, “राहू दे आता. मी दुसऱ्या कुणाला सांगते.”

सव्वीस वर्षांत तिच्या काचा कधी परत आल्या नव्हत्या. एरवी ती शरमेने गोठली असती. पण त्या क्षणी तिला नवल वाटलं. रंग तोच, पाणी तेच, प्रार्थना तीनच. म्हणजे वेळ वाढली. कुठे वाढली, हेही तिला कळलं.

“वेळ माझी चुकली,” ती म्हणाली. “आता नाही चुकणार.”

ठोकळ्यांतल्या तुकड्यांचा अजून पुष्कळ भाग शिल्लक होता. तिने पुन्हा कापलं, पुन्हा निळं, पुन्हा धुणं. समोर घड्याळ होतं. तिने प्रार्थना एकदा म्हणून पाहिली. अर्थासकट म्हटली, तर ती तीस सेकंदांची होत होती.

म्हणजे गुलाबीत दोन.

तिने दोनदा म्हटली, एकही शब्द न गिळता. निकाल काय असेल ते तिला अजूनही माहीत नव्हतं, आणि तरीही छातीवरचं काहीतरी कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागली. काचा देऊन ती हात धुवायला गेली आणि नळाखाली मनगटं धरून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई स्वतः उठून तिथे आल्या. “पाचही स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या. “दोनदा पाहिल्या. रंगही सुरेख आलाय.”

ताईंनी नळ बंद केला. थोड्या वेळाने तो पुन्हा उघडला आणि तोंड धुतलं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ती आंघोळ करून आली, तर नवरा स्वयंपाकघरात शेगडीपाशी पाठमोरा उभा होता. घरी आल्यापासून तो पाटीवर लिहूनच बोलायचा. एकदा लिहिलं होतं, ‘आता कळलं तुझं शांत राहणं किती महाग आहे.’ आपला नवा आवाज त्याने अजून कुणाला ऐकवला नव्हता. तिलाही नाही.

तो आता बोलत होता. ती दाराआडच थांबली. अर्ध्या जिभेचे शब्द गोल, ओले, एकमेकांत मिसळलेले होते. ‘नजर ठेव’ तेवढं तिला ओळखू आलं. प्रत्येक फेरीला तो ओट्यावर एक बोट टेकवत होता. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोक्यावरच होतं.

अठरा झाल्यावर त्याने गॅस बंद केला.

अंडं पार घट्ट झालं होतं. वरचं कवच सोलता सोलता तिने मनातल्या मनात हिशेब केला: अठरा वेळा तीस सेकंद. नऊ मिनिटं. मग तिने ते बोटांनी बारीक कुस्करलं, त्याला गिळता यावं म्हणून कोमट दूध घातलं आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.