बाटलीतली चिमूटभर हवा

उल्केचा कण एकदाच तापवता येतो. त्यातला वायू सुटला की संपलं, परत मागायची सोय नाही. म्हणून प्रयोगशाळेतला नियम असा, की आधी रिकामी भट्टी तापवायची आणि यंत्राला काही दिसत नाही ना, ते बघायचं.

त्या सकाळी रिकाम्या भट्टीत यंत्राला हवा दिसली.

यंत्र चालवणारे काका पडद्याशी वाकले. निऑन वायूचे दोन सुळके होते, वीस अणुभाराच्या हलक्या निऑनचा उंच, बाविसाच्या जड निऑनचा बुटका. म्हणजे साधी हवा, आपण श्वासात घेतो ती. मापही ओळखीचं, चिमूटभर. रोज तुलनेसाठी ते स्टीलच्या बाटलीतून यंत्रात एवढीच हवा सोडत. आज मात्र त्यांनी बाटलीला हातही लावला नव्हता.

ती बाटली त्यांच्या बायकोने भरली होती. तीही इथेच कामाला होती. भरताना बाटलीच्या तोंडाशी वाकून म्हणाली होती, "अहो, माझाच श्वास कोंडला बघा यात. आता मी घरी बसले तरी रोज सकाळी गाठ माझ्याशीच आहे." ती जाऊन वर्ष होत आलं होतं. काका रोज व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कुणाचं लक्ष नसलं तर हळूच म्हणायचे, "आलीस का?"

"व्हॉल्व्ह गळतोय," मॅडम म्हणाल्या. कण त्यांचा होता. एका काळ्या अशनीतून, म्हणजे जमिनीवर पडलेल्या उल्केतून, डोळ्यांत तेल घालून, त्यांनी तो वेगळा काढला होता.

काकांनी व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा भट्टी तापवली. पुन्हा तीच चिमूट.

"काका, बाटलीच काढा. नवी भरू. हवेला काय तोटा आहे?" बोलल्यावर मॅडमनी जीभ चावली. "चुकलं माझं. पण असा दुसरा कण नाही हो माझ्याकडे."

काकांना ते कळत होतं. कणातला निऑन जवळजवळ नुसता बावीस. सूर्य जन्मायच्या आधी मेलेल्या ताऱ्याचा. तो कशाशी संयोग पावत नाही, भाजल्याशिवाय घर सोडत नाही. त्यात बायकोची चिमूट पडली तर मॅडमच्या कष्टांवर पाणी.

त्यांनी बाटली काढली. नळ्या तापवून पंपाने साफ केल्या. भट्टीत मग काहीच दिसेना. यंत्र मुकं झालं. कण तापवला, तसा बाविसाचा सुळका एकटाच वर चढला.

"आला! काका, केवढा जुना पाहुणा!"

"पाहुणा कसला? घरातून ओढून काढलाय बिचाऱ्याला."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "बाटली घरी न्या. उघडलीत तर जपून. आत हवा नावालाच आहे, बाहेरची ओढून घेईल."

"हे मला सांगता होय?"

घरी त्यांनी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. तिला माझाही श्वास मिळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. हवा आत गेलेली दिसावी म्हणून तोंडासमोर दोऱ्याने कागदाचा कपटा टांगला आणि व्हॉल्व्ह उघडला.

कपटा आत ओढला गेला नाही. तो काकांकडे झुकला. त्यांचा चष्मा धुरकटला.

"आलीस का?" सवयीने त्यांच्या तोंडून गेलं.

कपटा सरळ झाला आणि पुन्हा झुकला. काकांनी घाबरून व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. कपटा तसाच हलत राहिला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा सावकाश.

काकांनी खुर्ची जवळ ओढली.