मास्तरांचा दुसरा पेला

दर रविवारी रामघाटावर राळबाबांच्या मांडवात मुंगी शिरायलाही जागा नसे. जुनाट अपचनाचा, बाबांच्या भाषेत 'बदहज़मी'चा, रोगी पाण्याचा पेला पोटाला लावून बसे. बाबा त्यात झाडाच्या राळेच्या औषधाचे चार थेंब टाकत आणि पाणी दुधासारखं पांढरं होई. "देख लो, पेट का ज़हर उतर आया," बाबा सांगत. दर आठवड्याला रोग्याला नवी बाटली मिळे, पांढरेपणा कमी होत जाई, सहाव्या आठवड्याला पाणी नितळ. औषधाला दारूचा वास येई. पण काळभैरवालाच दारूचा नैवेद्य दाखवणाऱ्या उज्जैनमध्ये त्याचं नवल कोणाला?

मांडवाच्या पाटीवर प्रभाकर मास्तरांचा फोटो होता आणि खाली 'प्रोफ़ेसर साहब ने ख़ुद परखा'. मास्तरांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आंबट ढेकरांनी गांजून त्यांनी औषध स्वतःवर आजमावलं, पाणी नितळ झालेलं पाहिलं आणि मराठी मंडळाच्या सभेत छाती फुगवून सांगितलं. ढेकर मात्र थांबले नव्हते. आता मास्तर ते रुमालात दाबत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं.

त्यातच शेजारचे भय्यासाहेब पाचव्या आठवड्यात पांढरेफटक पडले. त्यांनी मास्तरांच्या शब्दावर अल्सरच्या गोळ्या सोडल्या होत्या, आणि शौचाला काळं होत होतं. काळं म्हणजे आतून रक्त, हे मास्तरांना ठाऊक होतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर भय्यासाहेब म्हणाले, जहरच निघतंय, तुम्हीच तर परखलंत.

त्या रविवारी सकाळी मास्तरांच्या पत्नी शोभाताईंनी पहिल्या आठवड्याची उरलेली बाटली काढली आणि स्वयंपाकघरातल्या पेल्यात चार थेंब टाकले. पाणी पांढरं झालं.

"हा पेला तर कोणी पोटाला लावला पण नाही," त्या म्हणाल्या. "मग याला कुठलं जहर चढलं?"

मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. स्पिरिटमध्ये विरघळलेली राळ पाण्यात पडली की पांढरी फुटते. दर आठवड्याच्या बाटलीत राळ कमी होत जाऊन शेवटच्या बाटलीत नुसतं स्पिरिट असणार. तुलनेला दुसरा पेला ठेवा, हे मुलांना शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. स्वतःच्या वेळी मात्र एकच पेला.

ते तडक घाटावर गेले. बाबांनी सवयीने त्यांना साक्षीला पुढे बोलावलं. मास्तरांनी शिप्रा नदीचं पाणी पेल्यात भरून खाली फरशीवर ठेवलं, बाबांच्या हातातली नव्या रोग्याची बाटली घेतली आणि थेंब टाकले. पाणी पांढरं झालं.

"बाबाजी, शिप्राजी को बदहज़मी कब से है?" त्यांनी विचारलं.

बाबा पुटपुटले, नदी में सबके पाप हैं. कोणी मान डोलावली नाही. मास्तर लोकांकडे वळले. "राळेत गुण असेल, नसेल. ते या पेल्यातून कळत नाही. मी चुकलो. माझ्या फोटोवर विश्वास ठेवू नका. एक पेला कोणाच्याही पोटाला न लावता ठेवून बघा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका."

पुढच्याच रांगेत भय्यासाहेब पोटाला पेला लावून बसले होते. "मास्तर, मग माझे पाच आठवडे?"

मास्तरांनी पेला काढून घेतला, भय्यासाहेबांना खांद्याचा आधार दिला आणि दवाखान्यासाठी रिक्षा बघायला पायऱ्या चढू लागले.